होकार सगळ्यांचा, जबाबदारी कोणाची?

सहा वर्षांखालच्या मुलांना चांगलं बालशिक्षण मिळावं का, असं कुणालाही विचारा, उत्तर ‘हो’ असंच येतं. अमेरिकेत जवळपास प्रत्येक सार्वजनिक प्रश्नावर समाज दुभंगलेला आहे, पण तिथेही सरकारने पूर्वप्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च करावा याला जनमत चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं बहुमत मिळत आलं आहे. आणि तरीही युनिसेफने २०१९ मध्ये जगाचा हिशेब मांडला तेव्हा पूर्वप्राथमिक वयाची १७.५ कोटींहून अधिक मुलं, म्हणजे जवळपास निम्मी, कुठल्याच बालवाडीत जात नव्हती. गरीब देशांत तर पाचातलं एखादंच मूल तिथपर्यंत पोचत होतं. त्या देशांची सरकारं शिक्षणावरच्या एकूण खर्चातला सरासरी २ टक्के हिस्सा या वयासाठी काढत होती.

एवढा होकार आणि एवढी तुटपुंजी तरतूद वर्षानुवर्षं शेजारी शेजारी कशी नांदते? मला वाटतं, हा पाठिंबा खरा असला तरी तो कुणालाही बांधून घालत नाही. बालवाडीत जागा मिळाली नाही म्हणून कुठलं सरकार पडत नाही, कुणी रस्ता अडवत नाही, कुठल्या मंत्र्याला जाब द्यावा लागत नाही. म्हणून लोकांचं मत वळवण्यात आता फार शक्ती घालवण्याची गरज नाही. ते वळलेलंच आहे. हा होकार कायद्यातल्या हक्कात, राखून ठेवलेल्या पैशात आणि शिकवणाऱ्या बाईंच्या पगारात उतरवणं हे खरं काम आहे, आणि त्यातही पगाराचं काम सगळ्यात आधीचं.

पाठिंबा असा विरळ का राहतो, याचं एक कारण अगदी साधं आहे. गरज फार थोडा काळ टिकते. मूल तीन वर्षांचं होतं तेव्हा आईवडील जागेच्या शोधात असतात, अर्ज करतात, नकार पचवतात, काहीतरी जुळवून घेतात. सहाव्या वर्षी मूल पहिलीत जातं आणि त्यांच्यापुरता प्रश्न मिटतो. निवृत्तिवेतनासाठी माणसं वीस-वीस वर्षं एकत्र राहतात, संघटना बांधतात, मतपेटीवर दबाव आणतात. बालवाडीच्या रांगेत मात्र दर तीन वर्षांनी सगळी माणसं बदलतात, आणि त्या काळात त्यांना झोपसुद्धा धड मिळत नसते. ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना वेळ नाही. त्यात फळ दिसायला वीस वर्षं लागतात. निवडणूक पाच वर्षांनी येते.

दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. बालवाडी नसली तरी मूल कुणीतरी सांभाळतंच. आई नोकरी सोडते, आजी आपली दुखणी बाजूला ठेवते, कित्येक घरांत मोठ्या बहिणीची शाळा सुटते. ही किंमत रोज मोजली जाते, पण ती कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. त्यामुळे ‘बालवाड्यांना एवढा खर्च येईल’ असं कुणी म्हणतं तेव्हा समोरच्या रकान्यात शून्य लिहिलेलं असतं. ते शून्य खोटं आहे. तिथे बायकांची मजुरी आणि मुलींची वर्षं लिहायला हवीत.

राज्यांना हे कळत नाही असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना बायकांचे हात हवे होते, तेव्हा अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९४३ पासून स्वतःच्या पैशाने बालसंगोपन केंद्रं चालवली. युद्ध संपलं, सैनिक परतले आणि १९४६ मध्ये तो निधी थांबला. पुढे १९७१ मध्ये तिथल्या संसदेने देशभर बालविकास केंद्रं उभारण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डिसेंबरमध्ये नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. मुलं वाढवण्याचं काम कुटुंबाकडून काढून सामूहिक पद्धतीकडे नेण्याला सरकारचं नैतिक वजन मिळेल, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. त्यानंतर अर्धं शतक उलटलं, पण त्या तोलाचा देशव्यापी कायदा तिथे झालेला नाही.

तो आक्षेप आजही अनेकांच्या मनात आहे आणि त्याची चेष्टा करून चालणार नाही. लहान मूल आपल्या माणसांत वाढावं ही ओढ खरी आहे. अगदी तान्ह्या बाळाच्या बाबतीत मी त्या बाजूचाच आहे. पहिल्या वर्षात आईला किंवा वडिलांना पगारी रजा मिळणं, घरी येऊन बाळाशी कसं खेळावं-बोलावं हे दाखवणारी कार्यकर्ती असणं, हेही बालशिक्षणाच्याच धोरणात बसतं. जमैकात किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काही गटांच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला प्रोत्साहन देत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त आढळली. इथे कुटुंबाच्या हातातून काहीही काढून घेतलेलं नव्हतं. उलट कुटुंबाला हात मिळाला होता. तीन वर्षांच्या पुढे मुलाला बरोबरीची मुलं लागतात, मोकळी जागा लागते, घरातल्यांखेरीज आणखी एका जाणत्या माणसाची गरज लागते. दिवसातले काही तास तिथे गेल्याने मूल आईला परकं होत नाही. ज्या आईला दुसरा मार्गच नाही तिला ‘तुझी निवड आम्हाला मान्य आहे’ असं सांगण्यात मात्र मला आदर दिसत नाही.

आता पुराव्याकडे वळू, कारण या विषयाचे समर्थकच इथे घाई करतात. सगळ्यांच्या तोंडी असलेला दाखला म्हणजे अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलान्टी गावचा पेरी प्रीस्कूल प्रकल्प. १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुलं निवडली गेली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतली ५८ बालवाडीत घेतली गेली. ही मुलं चाळिशीला आली तेव्हा त्यांच्यापैकी अधिक जणांचं शालेय शिक्षण पूर्ण झालेलं होतं, कमाई जास्त होती, अटकेची प्रकरणं कमी होती. नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खर्चावरचा परतावा दरसाल ७ ते १० टक्के असल्याचा अंदाज काढला. हा आकडा जगभरच्या भाषणांत फिरतो.

पण त्या बालवाडीत नेमकं काय होतं, हे त्या भाषणांत क्वचितच येतं. तिथे पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती. शिक्षिका पदवीधर आणि प्रशिक्षित होत्या. रोज सकाळी अडीच तास वर्ग आणि शिवाय दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी भेट. हा खर्च न करता तोच परतावा मागणं ही लबाडी आहे. मुलं फक्त १२३, गाव एक, काळ साठ वर्षांपूर्वीचा, हेही विसरू नये.

जिथे जागा भराभर वाढवल्या आणि दर्जा मागे राहिला, तिथे काय झालं हेही आपल्यासमोर आहे. कॅनडाच्या क्विबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर इतक्या अल्प शुल्कात पाळणाघराची सोय सुरू केली. कामावर जाणाऱ्या आयांचं प्रमाण झपाट्याने वाढलं, आणि ती मोठीच गोष्ट होती. पण पुढच्या अभ्यासांत मुलांमधली चिंता आणि आक्रमकपणा वाढल्याचं दिसलं, आणि बऱ्याच केंद्रांचा दर्जा बेताचाच असल्याचं आढळलं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या सरकारी बालवाड्यांचा अभ्यास याहून बोचरा आहे. सुमारे ३,००० मुलांच्या त्या पाहणीचे २०२२ मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात, की बालवाडीत गेलेली मुलं सहावीपर्यंत परीक्षेत न गेलेल्यांच्या मागे पडली आणि त्यांच्या शिस्तीच्या तक्रारीही जास्त होत्या.

विरोधक हा निष्कर्ष दाखवून ‘मग पैसा कशाला घालवायचा’ असं विचारतात. समर्थक तो टाळून पुढे जातात. दोन्ही मला पटत नाहीत. अमेरिकेतल्याच बोस्टन शहरात सरकारी बालवाड्यांतल्या जागांपेक्षा अर्ज जास्त आल्याने सोडत काढावी लागली होती. १९९७ ते २००३ या वर्षांतल्या त्या सोडतीत नाव लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांचा पुढे मागोवा घेतला गेला. परीक्षेच्या गुणांत फरक पडला नव्हता. पण नाव लागलेल्यांपैकी वेळेवर महाविद्यालयात गेलेल्यांचं प्रमाण ८ टक्केबिंदूंनी जास्त होतं, आणि माध्यमिक शाळेत त्यांच्यावर शिस्तभंगाच्या कारवाया कमी झाल्या होत्या. पेरीतही मुलांच्या बुद्ध्यंकात सुरुवातीला पडलेला फरक काही वर्षांत पुसला गेला होता. म्हणजे बालवाडीचं देणं तिसरीच्या गुणपत्रिकेत शोधणं चुकीचं. ते चिकाटीत, आवरतं घेण्यात, दुसऱ्याबरोबर निभावून नेण्यात उतरतं. पण ते उतरण्यासाठी बालवाडी चांगली असावी लागते. ‘बालवाडी’ अशी पाटी लावली की काम भागतं, या समजुतीला टेनेसीच्या निकालांनंतर काही आधार उरत नाही.

चांगली म्हणजे काय, ते जवळून पाहावं लागतं. चार वर्षांची दोन मुलं ठोकळ्यांचा पूल करत आहेत. दोन खांब उभे केलेत, पण वर ठेवायची पट्टी दोन्ही खांबांवर पोचत नाही. एक चिडून खांब पाडतो, दुसरा भोकाड पसरतो. वर्गात पस्तीस मुलं आणि बाई एकट्या असतील तर त्यांच्या हातात एकच उपाय उरतो: ‘गप्प बसा आणि ठोकळे आत ठेवा.’ त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्यामागे अजून तेहेतीस मुलं आहेत. दहा-बारा मुलांच्या वर्गातल्या शिकलेल्या बाई खाली बसतात. रडणाऱ्याला जवळ घेतात आणि चिडलेल्याला म्हणतात, ‘पट्टी पोचेना म्हणून राग आला ना तुला?’ मुलाची मूठ सैल होते. मग त्या विचारतात, ‘पट्टी तर लांब होत नाही. दुसरं काय करता येईल?’ आणि गप्प राहतात. उत्तर तोंडावर असूनही न सांगणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे. रडणारा डोळे पुसून पडलेला खांब थोडा अलीकडे पुन्हा उभा करतो. पट्टी बसते. पाचेक मिनिटांत दोन मुलांनी अंतर आणि लांबी यांचं नातं हाताने शिकलं, राग बोलून दाखवता येतो हे शिकलं, भांडणानंतरही खेळ चालू ठेवता येतो हे शिकलं. दारातून पाहणाऱ्याला मात्र मुलं नुसती खेळताना दिसतात, आणि तो बाईंना विचारतो, ‘लिहायला कधी शिकवणार?’

तो प्रश्न पालकांच्या काळजीतून येतो, पण त्यापायी तीन वर्षांच्या मुलांच्या बोटांत पेन्सिल कोंबली जाते आणि पहिलीचा अभ्यासक्रम खाली ओढून त्याला बालशिक्षण म्हटलं जातं. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या बालवाड्या जर अशाच होणार असतील, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहणार नाही. पुढे पहिली-दुसरीतही बदल लागतो. आकडे आणि अक्षरं ओळखत आलेल्या मुलाला शाळेने पुन्हा तेच घोकायला लावलं, तर बालवाडीत मिळालेली आघाडी तिथेच विरते.

म्हणून मी पगाराला पहिलं स्थान देतो. मुलाला रोज तोच चेहरा दिसावा लागतो. पण या कामाचा मोबदला बहुतेक ठिकाणी इतका कमी असतो, की शिकलेली बाई दुसरं काही मिळालं की निघून जाते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने २०१९ मध्ये याची सरळ चाचणी घेतली. काही केंद्रांतल्या शिक्षिकांना आठ महिने टिकून राहिल्यास एकूण १,५०० डॉलर जास्तीचे देऊ केले. पाळणाघरांमध्ये नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर आलं. तमिळनाडूत अंगणवाड्यांमध्ये अर्धवेळ काम करणारी एक जास्तीची कार्यकर्ती नेमून पाहिली, तर मुलांना प्रत्यक्ष शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, भाषा आणि गणितात मुलं पुढे गेली आणि खुरटलेल्या मुलांचं प्रमाणही घटलं, कारण जुन्या सेविकेला पोषणाच्या कामाला सवड मिळाली. इमारत तीच, खेळणी तीच. फक्त एक माणूस वाढला. भारतात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना ही या क्षेत्रातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या योजनांपैकी एक, पण तिचा सारा भार वाहणाऱ्या सेविका आजही मानधनावरच आहेत. त्या आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, एवढं ठरायला २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

पगारानंतर हक्क. जर्मनीने १९९६ मध्ये तीन वर्षांवरच्या आणि १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क दिला. लाइपत्सिग शहरातल्या तीन आयांना वेळेत जागा मिळाली नाही, कामावर परतता आलं नाही. त्या न्यायालयात गेल्या. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटलं, की स्थानिक प्रशासनाच्या चुकीमुळे जागा मिळाली नसेल तर बुडालेल्या पगाराची भरपाई मागता येते. जागा न देण्याला किंमत आली. हक्क दिल्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. जर्मनीला आजही पुरेशा शिक्षिका मिळत नाहीत आणि रांगा आहेत. पण तिथे रांगेत उभी असलेली आई उपकार मागत नाही.

भारताने २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क केलं. सहाच्या आतली मुलं कलम ४५ खाली, मार्गदर्शक तत्त्वांत राहिली, ज्यांच्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन ते सहा वयोगटासाठी सरकार आवश्यक ती व्यवस्था करू शकेल, इतकंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत हे शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं. उद्दिष्ट चांगलं आहे. पण धोरणाचा कागद घेऊन कुणी आई न्यायालयातून जागा मिळवू शकत नाही.

फक्त गरिबांसाठी की सगळ्यांसाठी, हा वाद नेहमी निघतो. पैसा मर्यादित असेल तर आधी सर्वांत वंचित मुलांना द्यावा, हे मला मान्य आहे. सुरुवात त्यांच्यापासूनच व्हावी. पण दार सगळ्यांना उघडं ठेवून. ज्या बालवाडीत डॉक्टरचं आणि सफाई कामगाराचं मूल एकत्र बसतं, तिथलं छप्पर गळलं तर दोघांचे पालक तक्रार करतात, आणि डॉक्टरांच्या तक्रारीची दखल लवकर घेतली जाते, हे कटू असलं तरी खरं आहे. फ्रान्सने २०१९ मध्ये तीन वर्षांपासून शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा त्या वयाची जवळपास सगळी मुलं आधीच बालशाळेत जात होती. कारण ती शाळा पिढ्यानपिढ्या सर्व थरांची होती. नॉर्वेत २००३ मध्ये सगळ्या पक्षांनी मिळून शुल्काला कमाल मर्यादा घालण्याचं ठरवलं आणि २००९ पासून जागेचा हक्क आला.

पोचण्याचा प्रश्नही नुसत्या जागांच्या आकड्याने सुटत नाही. बालवाडी दूर असेल, तिची वेळ कामाच्या वेळेशी जुळत नसेल, बाईंची भाषा मुलाला कळत नसेल, चालता न येणाऱ्या मुलाला पायऱ्या चढाव्या लागत असतील, तर कागदावरची जागा रिकामी राहते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच ओळखलं. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणात नेली.

राहिला पैसा. २०२२ मध्ये ताश्कंदच्या जागतिक परिषदेत देशांनी शिक्षणखर्चाचा किमान १० टक्के वाटा पूर्वप्राथमिकसाठी ठेवावा असं आवाहन झालं. आवाहनाला मोडता घालायला एक वाईट वर्ष पुरतं. त्यापेक्षा न्यू मेक्सिकोचा मार्ग मला भरवशाचा वाटतो. अमेरिकेतल्या गरीब राज्यांपैकी ते एक. तिथे तेल आणि वायूच्या उत्पन्नातून साठत आलेला मोठा स्थायी निधी आहे. त्यातला थोडा जास्त हिस्सा दरवर्षी लहान मुलांसाठी काढावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी सुमारे दशकभर लावून धरली. विधिमंडळात ती पुन्हा पुन्हा अडली. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यघटनेतली दुरुस्ती मतदारांपुढे आली आणि सुमारे ७० टक्के लोकांनी तिच्या बाजूने मत दिलं. आता तो पैसा काढून घ्यायचा तर पुन्हा घटनाच बदलावी लागेल.

ज्यांची मुलं मोठी झाली, ज्यांना नातवंडं आहेत, ज्यांना मुलंच नाहीत, त्यांनी हा प्रश्न हातात घ्यायला हवा, कारण लहान मुलांच्या आईवडिलांना तो दहा वर्षं लावून धरणं शक्य नाही. पुढच्या वेळी मत मागायला येणारा उमेदवार ‘आम्ही इतक्या हजार नव्या बालवाड्या उघडू’ असं म्हणेल, तेव्हा त्याला चार गोष्टी विचाराव्यात. एका बाईंकडे किती मुलं असतील? त्यांना प्राथमिक शिक्षिकेइतका पगार मिळेल का? पैसा कुठल्या कायद्याने राखलेला आहे? आणि जागा मिळाली नाही तर आईने कुणाविरुद्ध दाद मागायची?